उजवा गुडघा

“हितं दुखतंय?”

“व्हय.”

“का हितं?”

“तितं बी.”

केरबा वस्तादांनी माझा उजवा पाय मांडीवर घेतला होता आणि कोमट तेलाचा हात ते गुडघ्याभोवती गोल फिरवत होते. आमच्या दारासमोरच्या कट्ट्यावर सकाळचं ऊन नुकतंच आलं होतं. वस्तादांनी गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा घातला आणि दाबला. मी कळवळून ओरडलो. ते ओरडणं मात्र शंभर टक्के खरं होतं. साठी ओलांडली तरी वस्तादांचा अंगठा असा होता, की त्याच्याखाली चांगला धडधाकट गुडघाही ओरडलाच असता.

आणि माझा गुडघा चांगला धडधाकटच होता.

“काल तर म्हनलास, भाईरच्या अंगानं दुखतंय.”

“फिरतंय वस्ताद. एका जाग्याला ऱ्हात न्हाई.”

“वारं शिरलंय,” वस्ताद गंभीरपणे म्हणाले आणि पुन्हा तेलात बोटं बुडवली.

तेवढ्यात आई सवयीनं कपबशी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थबकली. “आत्ता गं बया, इसरलेच बगा. भावजी, वाईच दूध देऊ?”

“नको वैनी. ह्येचा गुडघा बरा झाला की च्याच पिनार. कपभर न्हाई, तांब्याभर.” त्यांनी कपातून निघणाऱ्या वाफेकडं एकदा पाहिलं आणि मान दुसरीकडं फिरवली. त्यांचं ते पाहणं मला अजून आठवतं.

वस्तादांना चहा म्हणजे जीव की प्राण. माझे वडील आणि ते एका तालमीतले. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून सकाळची तालीम संपली की वस्ताद आमच्या कट्ट्यावर येणार, आईच्या हातचा चहा पिणार आणि मग घरी जाणार, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या माणसानं माझ्या गुडघ्यासाठी जोतिबाला नवस बोलून चहा सोडला होता. सर्जेरावाचा गुडघा बरा होईपर्यंत चहाला तोंड लावणार नाही, असं डोंगरावर जाऊन, गुलाल उधळून सांगून आले होते. आता जो गुडघा बिघडलेलाच नाही, तो जोतिबा तरी बरा कसा करणार? देवाचीही पंचाईत आणि वस्तादांचीही. माझी तर विचारूच नका.

गुडघा आईनं शोधून काढला होता.

दिवाळीनंतर कधीतरी ते सुरू झालं. नक्की कधी ते सांगता येत नाही. आधी झोप गेली. मग भूक गेली. बदाम-खसखशीची थंडाई मी तांब्यानं रिचवणारा माणूस, तीच थंडाई माती कालवल्यासारखी लागायला लागली. सकाळी डोळे उघडे असायचे, पण उठायचं म्हटलं की अंगावर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. आणि रडू यायचं. बाविशीतला, रेड्यासारखा तगडा गडी, गोठ्यात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडायचा. कशासाठी, ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही.

एका सकाळी तालमीच्या हौद्यात माझा जोडीदार महिपती, म्हणजे आमचा म्हैपा, याच्याशी खडाखडी करताना माझ्या छातीत एकाएकी धडधडायला लागलं. श्वास पुरेना. हातपाय गार पडले. वाटलं, आता मरतोय, इथंच, या लाल मातीत. मी म्हैपाला ढकललं आणि लंगोटावरच घरी पळत येऊन आतून कडी लावली.

माझा मामा कोल्हापुरात एका दवाखान्यात कामाला होता. त्यानं आईला समजावलं आणि मला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. हा आजार आहे, म्हणाल्या, मनाचा आहे आणि बरा होतो. गोळ्या दिल्या. त्या मध्येच सोडायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. आणि निघताना म्हणाल्या, “घरच्यांखेरीज तुझ्या जवळच्या कुणाला तरी सांग. असं एकट्यानं वागवू नकोस.”

परतीच्या एसटीत आई खिडकीतून बाहेर बघत बसली होती. गाव जवळ आलं तेव्हा तिनं तोंड उघडलं.

“कुनाला म्हंजे कुनाला सांगायचं न्हाई. भावजींना बी न्हाई. गुडघा दुखावलाय म्हन.”

“आई, पर डॉक्टरीनबाई...”

“त्या ऱ्हात्यात कोल्हापुरात. आपल्याला गावात ऱ्हायाचंय.”

मला वाटलं, माझ्या लग्नाची काळजी. पोरगं वेडं आहे अशी आवई उठली तर कोण मुलगी देणार? म्हणून मी गप्प बसलो. एक गोष्ट मात्र त्या क्षणी आईच्या ध्यानात आली नाही. आपण पैलवानांच्या गावात राहतो. पोट म्हणाली असती, दात म्हणाली असती तरी चाललं असतं. पण गुडघा! आमच्या गावात ज्याला मिसरूड फुटलंय तो गुडघ्याचा डॉक्टर. निम्म्या गावानं आपापले गुडघे तालमीत मोडून, बसवून, पुन्हा मोडून घेतलेले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या कट्ट्यावर रीघ लागली. कुणी एरंडाची पानं घेऊन आला, कुणी विटकरीचा शेक दिला, कुणी उंबराचा चीक लावून वर फडकं गुंडाळलं आणि ते काढताना पायाचे केस उपटून नेले. म्हैपाच्या आईनं ओढ्यातले खेकडे धरून, वाटून, त्याचा रस्सा रोज पाठवायचा सपाटा लावला. माझ्या उजव्या गुडघ्याइतके लाड गावात कुणाचे झाले नसतील.

शिवाय लंगडणं. दिवसभर लंगडत राहणं हे जोर-बैठकांपेक्षा अवघड काम आहे. एकदा पाणी घेऊन घरी निघालो आणि नादात डावा पाय ओढत आलो. म्हैपा समोरून येत होता.

“काल उजवा, आज डावा. आलटून पालटून दुखतंय व्हय रं?”

“एकावर लई भार पडतोय न्हवं, मग दुसऱ्यावर येतंय.”

“आयला, गुडघ्यातली अक्कल तेवढी शाबूत हाय म्हनायची,” म्हैपा हसला आणि घागर माझ्या हातातून काढून घेऊन घरापर्यंत पोचवली. अशी माणसं. त्यांच्यापाशी खोटं बोलायचं म्हणजे गिळलेला घास परत वर येतो.

आईनं गोळ्या हळदीच्या डब्यात लपवल्या होत्या. त्यामुळं त्या पिवळ्या व्हायच्या आणि हळदीसकटच पोटात जायच्या. पण त्यांनी गुण येत होता. सावकाश का होईना, झोप लागायला लागली. मध्ये एकदा बरं वाटतंय म्हणून मी आपल्या मनानं गोळ्या सोडल्या. एक आठवडा बरा गेला. मग एका दुपारी मी मळ्यातल्या विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलो होतो आणि आपण तिथं कशासाठी बसलोय ते मला चांगलं ठाऊक होतं. सगळे मला घराकडं नाहीतर देवळात हुडकत होते. आई मात्र थेट विहिरीवर आली. ओरडली नाही, रडली नाही. माझ्या दंडाला धरून शेजारी बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “चल, भाकरी खाऊया.” त्या दिवसापासून गोळी ती स्वतः माझ्या तळहातावर ठेवायची आणि पाणी पिऊन होईपर्यंत उभी राहायची.

हे सगळं झालं होतं, आणि त्या शनिवारच्या सकाळी वस्ताद माझ्या गुडघ्याला तेल चोळत होते.

चोळून झालं. त्यांनी हात पुसले. “वैनी, उद्या तालीम झाली की ह्येला घिऊन जातोय. घाटाखाली एक हाडवैद्य हाय. माझ्या वळखीचा हाय. लेप लावतोय तो. लेप सुटला की दुखनं सुटलं.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. “किती दिस लागत्यात?”

“म्हैना, दीड म्हैना. तितंच ऱ्हायाचं. त्येचं पथ्य तेवढं कडक हाय. इंग्रजी औषिदाचा कन पोटात जाता कामा न्हाई. झाडा घेतोय तो पिशवीचा. न्हाईतर लेप धरतच न्हाई म्हनतोय.” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “आनि सर्जा, गुडघ्याचं काय इशेष न्हाई. मन घट्ट कर. पैलवानानं मनानं खचायचं न्हाई. खचलास, तर मंग कुस्तीचं नाव काढू नगंस.”

हे ते रोज म्हणायचे. मायेनंच म्हणायचे. रोज ते म्हटले की मी मान हलवायचो आणि ते गेल्यावर बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो.

वस्ताद गेल्यावर आई चुलीपुढं बसली. मी दारात.

“आई, मी जानार न्हाई.”

“काय सांगून?”

“खरं सांगून.”

तिनं फुंकणी खाली ठेवली. “म्हैनाभर न्हाई घेतल्या गोळ्या, तर...” आणि तिथंच थांबली. तिचं तिलाच पुढं बोलवलं नाही. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळले.

“तर काय, आई? हीर आठवतीया न्हवं?”

“गप! त्येचं नाव काढू नगंस.”

“मंग सांगू दे मला.”

“सांगू नगंस सर्जा. तुला ठावं न्हाई लोक काय करत्यात. मला ठावं हाय.” एवढंच बोलून ती उठली आणि गोठ्यात गेली. काय ठाऊक आहे, ते मी विचारलं नाही. गावात राहायचं तर गावाची भीती असतेच, असं मी धरून चाललो.

आता आमच्या तालमीचा एक दंडक सांगितला पाहिजे. इतर तालमींत तो नाही, केरबा वस्तादांनी घालून दिलेला. सकाळी लढती लावायच्या आधी सगळे पैलवान हौद्याभोवती गोल उभे राहतात आणि एकेकानं आपलं दुखणं सांगायचं. कुणाचा खांदा, कुणाचा अंगठा, कुणाचं काहीच नाही. सगळ्यांचं झालं की वस्ताद विचारणार, “ऐकलं का?” सगळ्यांनी म्हणायचं, “ऐकलं.” मग वस्ताद म्हणणार, “तितं हात घालायचा न्हाई.” आणि कितीही ईर्षेची लढत असली तरी सांगितलेल्या जागी कुणी हात घालत नसे.

याला कारण दत्तू. वस्तादांच्या तरुणपणीचा जोडीदार. नव्या प्रत्येक पोराला वस्ताद ती हकिकत सांगायचे. दत्तूची मान आखडलेली होती आणि लाजेखातर तो बोलला नाही. वस्तादांनी खेळता खेळता मानेवर कस टाकला, म्हणजे हातानं आवळून ती पिळली. दत्तू त्यानंतर पंधरा-वीस वर्षं जगला, पण त्याला स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला उचलता आला नाही. रोज संध्याकाळी वस्ताद त्याला भरवायला जायचे. “त्यानं सांगितलं असतं तर,” एवढं म्हणून ते गोष्ट संपवायचे आणि नवा पोरगा मुकाट्यानं गोलात उभा राहायचा.

लढत नसलो तरी रोज सकाळी मी तालमीत जाऊन कडेला उभा राहायचोच. माझी पाळी आली की म्हणायचो, “उजवा गुडघा.” सगळे म्हणायचे, “ऐकलं.” तालमीत माझ्या गुडघ्याला गेल्या कित्येक महिन्यांत कुणी बोटही लावलं नव्हतं.

रविवारी मी लंगडतच तालमीत गेलो. वस्तादांची कापडी पिशवी कोपऱ्यात भरून तयार होती. त्यात माझ्यासाठी घेतलेला नवा टॉवेल दिसत होता. हौद्यातली माती नुकतीच खणून, ताक-लिंबू घालून मऊ केलेली. तिचा वास दरवळत होता. आम्ही गोल उभे राहिलो.

“खांदा. डावा,” एकजण म्हणाला.

“काय न्हाई.”

“टाच.”

म्हैपा माझ्या अलीकडं होता. “करंगळी. आनि सकाळधरनं पोट, पर ते कालच्या मटनानं.” पोरं हसली.

मग माझी पाळी.

“उजवा,” मी म्हणालो आणि थांबलो.

“गुडघा,” म्हैपानं माझ्या वतीनं पुरं केलं. कुणीतरी “ऐकलं” म्हणूनही टाकलं.

“न्हाई,” मी म्हणालो. “गुडघा बरा हाय. गुडघा कवा दुखलाच न्हाई.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. वस्ताद हौद्याच्या पलीकडं उभे होते. त्यांना वाटलं, मी हाडवैद्याला घाबरलो. “अरं, लेप दुखत न्हाई सर्जा. गार वाटतंय उलट.”

“त्येच्यासाठनं न्हाई वस्ताद. दंडकापरमानं सांगालोय. माझं मन आजारी हाय.”

एक पोरगा फिसकन हसला. वस्तादांनी त्याच्याकडं फक्त पाहिलं.

“बोल,” ते म्हणाले.

मी बोललो. पायाखालच्या मातीकडं बघत बोललो. झोप जाते हे सांगितलं, छातीत कसं होतं ते सांगितलं. त्या दिवशी लढत टाकून का पळालो ते सांगितलं. गोठ्यात रडतो हेही सांगितलं, आणि पैलवानांपुढं हे सांगताना कान असे तापले की विचारू नका. गोळ्या घेतोय आणि त्या सोडता येत नाहीत, हे सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. सगळं मिळून फार वेळ लागला नसेल. बोलून झाल्यावर पत्र्यावर चिमण्यांची टकटक ऐकू येत होती.

“कवाधरनं?” वस्तादांनी विचारलं.

“दिवाळीपासनं.”

“दिवाळीपासनं.” त्यांनी मान खाली घातली. “आनि मी तुला रोज काय म्हनत हुतो?”

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागलो.

“सांग की. काय म्हनत हुतो?”

“मन घट्ट कर म्हनत हुता.”

“रोज?”

“रोज.”

वस्ताद हौद्याच्या कडेवर खाली बसले. एवढा डोंगरासारखा माणूस, पण बसताना म्हाताऱ्यासारखा भिंतीचा आधार घेऊन बसला. मला वाटलं आता ते चिडणार. खोटं बोललास म्हणणार, माझा चहा बंद केलास म्हणणार, तालमीतून चालता हो म्हणणार. मी त्याचीच तयारी करून आलो होतो.

“म्हंजे रोज तितंच हात घालत हुतो मी,” ते हळूच म्हणाले. “नेमका तितंच. आनि तू माझ्याम्होरं बसून...” त्यांनी पंजानं तोंड पुसलं. “दत्तू बी असाच गप ऱ्हायला हुता रं.”

“तुमची चूक न्हाई वस्ताद.”

“दत्तू बी ह्येच म्हनायचा.”

मग ते उठले. हात झटकले. नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “ऐकलं का?”

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली.

“ऐकलं का सगळ्यांनी?” तालमीचा पत्रा हादरला.

“ऐकलं!”

“तितं हात घालायचा न्हाई.”

एवढंच. पुढच्यानं आपली मान सांगितली, त्याच्या पुढच्यानं कंबर. गोल पुरा झाला. माझ्या दुखण्याचा नंबर टाच, करंगळी, मान, कंबर यांच्यामध्ये कुठंतरी लागला आणि लढती सुरू झाल्या. मी तिथंच उभा होतो आणि मला हुंदका आवरेना. म्हैपा जवळ आला. त्याचं तोंड कोड्यात पडल्यासारखं झालं होतं.

“म्हंजे ते खेकडं...” तो म्हणाला. “माझी आय ओढ्यात गुडघाभर पान्यात उभी ऱ्हाऊन धरत हुती लेका. रस्सा सगळा फुकट गेला की.”

“रस्सा चांगला हुता रं.”

“मला एक वाटी मिळाली न्हाई त्यातली.” त्यानं माझ्या मानेवर आपला मातीचा हात ठेवला आणि काढला नाही. “आता भूक लागतीया का तुला?”

“थोडी थोडी.”

“मंग सांगतो आयला, चालू ठेव म्हनून.”

तालीम सुटल्यावर वस्तादांनी पिशवी उचलली, आतला नवा टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “चल घरला.” आम्ही वेशीपासून सरळ रस्त्यानं निघालो. मी लंगडत नव्हतो. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून चालणं इतकं सुखाचं असतं हे मी विसरूनच गेलो होतो. कट्ट्याकट्ट्यावरची माणसं बघत होती. एकजण ओरडला, “वस्ताद, बरा झाला काय गुडघा?” वस्ताद म्हणाले, “गुडघा झाला. बाकीचं बी हुईल.” पुढं ते झालंही. गोळ्या डॉक्टरीणबाईंनीच सावकाश कमी केल्या. मध्ये एकदोन वाईट पावसाळे गेले, पण त्या दिवसांत मी कुठं आहे हे म्हैपाला आणि वस्तादांना ठाऊक असायचं. आज ती तालीम मी चालवतो आणि गोल अजून तसाच उभा राहतो.

पण त्या सकाळचं अजून संपलं नव्हतं.

आई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं आधी माझ्या पायांकडं पाहिलं. सरळ पडणारी पावलं पाहिली आणि सूप तिच्या हातातच राहिलं.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“समद्यांम्होरं?”

“समद्यांम्होरं.”

तिनं वस्तादांकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता हा माणूस काय बोलतो, यावर तिचं सगळं अवलंबून असल्यासारखी ती त्यांच्याकडं बघत होती. वस्ताद कट्ट्यावर आपल्या जागेवर बसले. पटका काढून शेजारी ठेवला.

“वैनी, च्या टाका.”

“आँ?”

“नवस गुडघ्याचा हुता. गुडघा बरा हाय. जोतिबानं आपलं काम केलं. टाका च्या. वाईच जादा टाका.”

आई आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, एक पेला पडला, मग आल्याचा वास आला. तिनं तीन कप आणले. वस्तादांनी बशीत चहा ओतला, त्यावर फुंकर मारली आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला. मी त्यांच्याकडं बघत होतो. कित्येक महिन्यांनी माझ्या जिभेलाही चहाची गोडी लागत होती.

बशी खाली ठेवून वस्ताद म्हणाले, “ह्येचं कळलं. आता तुमी सांगा वैनी. तुमचं कुटं दुखतंय?”

“माझं?” आई दचकली. “मला काय धाड भरलीया? मी चांगली हाय.”

“पोरगं दिवाळीपासनं झिजतंय. तुमी ह्येला हिरीवरनं उठवून आनलासा आनि मला बोलला न्हाईसा. माझ्यापासनं मीठमिरची बी लपवत न्हाई तुमी. उगंच कोन इवढं भीत न्हाई.” त्यांचा आवाज तालमीत नव्या पोरांशी बोलताना असायचा तसा झाला होता. “दंडक हाय वैनी. समद्यांनी सांगायचं.”

आई उंबऱ्यावर बसली. तिच्या हातात कप तसाच होता. कोंबड्या पाखडलेल्या तांदळात शिरल्या, तिनं त्यांना हाकललंही नाही. मला वाटलं, ती उठून गोठ्यात जाणार.

“माझी एक थोरली भन हुती,” आई म्हणाली.

मी तिच्याकडं बघतच राहिलो. आईला एकच भाऊ, मामा, एवढंच मला माहीत होतं.

“वत्सला. तिला बी असंच व्हायचं. झोप न्हाई, जेवान न्हाई, कुनासंगं बोलनं न्हाई. येड लागलं म्हनून बाबांनी गोठ्याम्होरल्या खोलीत ठेवली तिला. भाईरनं कडी. आजूबाजूची बगायला यायची, पोरास्नी कडंवर घिऊन यायची. भाकरी द्यायला मी जायची. मी सातवीत हुते.” तिनं कप दुसऱ्या हातात घेतला. “एक दिस माझ्या हातनं कडी लावायची ऱ्हायली. समदी शिवारात हुडकत हुती. मी हिरीवर गेले.”

मी उठून आईच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो आणि तिच्या दंडाला धरलं. विहिरीवर तिनं मला धरलं होतं तसं.

“तिचं नाव घ्यायचं न्हाई असं ठरलं हुतं घरात,” ती म्हणाली. “लई दिसांनी घेतलं.”

तिच्या कपातल्या चहावर साय धरली होती. वस्तादांनी तो कप तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि माझ्यापुढं केला. “जा, गरम करून आन. आनि वैनी, तुमी सांगा. वत्सला दिसायला कशी हुती?”

मी चुलीपुढं बसून चहा तापवत होतो. बाहेर आई बोलत होती. मावशीचे केस गुडघ्यापर्यंत होते आणि ती ओव्या फार छान म्हणायची, हे मला तिथंच, फुंकणी हातात धरून, पहिल्यांदा कळलं.